‘ॲलर्जी’ लिहिण्यापूर्वी

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा संपादकांचा निरोप आला की माझ्यासारखा त्वचारोगतज्ज्ञ बहुधा गजकर्ण, कोड किंवा केसगळती यांपैकी एखादा विषय घेतो आणि सुटतो. आजवर मीही तेच केले. या वेळी मात्र मनावर असलेले एक जुने ओझे आपल्या व्यवसायबंधू-भगिनींसमोर उतरवून ठेवायचे आहे. विषय तसा रूक्ष आहे. काही द्रव्ये अंधारात निरुपद्रवी असतात आणि प्रकाश मिळताच आपल्या पेशींवर, विशेषतः पेशींच्या पटलांवर, आघात करतात. ज्या बडोद्यात आबालवृद्ध जानेवारीचे दोन दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत गच्चीवर आकाशाकडे तोंड करून उभे राहतात, त्या बडोद्यातल्या डॉक्टराला हा विषय रूक्ष म्हणून बाजूला सारता येत नाही. मी सारला होता.

२०११ च्या उत्तरायणानंतरचा सोमवार. आमच्या ओळखीच्या घरातला, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा आईबरोबर दवाखान्यात आला. मुरुमांसाठी मीच त्याला तीन आठवड्यांपूर्वी डॉक्सिसायक्लिन सुरू केले होते, १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. देताना सांगितले होते की जेवणानंतर घे, भरपूर पाण्याबरोबर घे, घेतल्यावर लगेच आडवा होऊ नकोस. उन्हाबद्दल मी एक अक्षर बोललो नव्हतो. आता त्याचा चेहरा सुजून तांबूस-काळा पडला होता. “काका, चुलीत तोंड घातल्यासारखं वाटतंय,” तो म्हणाला. खाज आहे का, असे मी विचारले. खाज नव्हती, आग होती. खरे म्हणजे एवढ्यावरच मी थांबायला हवे होते.

पण पाठ्यपुस्तकाने मला चकवले, किंवा पाठ्यपुस्तक वाचून मीच चकलो. प्रकाशाने उठलेले चट्टे हनुवटीखालची जागा सोडतात, कारण तिथे जबड्याची सावली असते, हे आपण सर्वांनी पदव्युत्तर परीक्षेत लिहिलेले आहे. या मुलाची हनुवटीखालची आणि गळ्याची पुढची त्वचा तर गालांहूनही अधिक भाजलेली होती. तेव्हा ऊन हे कारण नव्हे, असा निष्कर्ष मी काढला आणि औषधाची ॲलर्जी ठरवून मोकळा झालो. ज्याने दोन दिवस मान मागे टाकून पतंगाच्या मागे डोळे लावले, त्याच्या हनुवटीखाली सावली येणार कुठून? त्यातून जानेवारीतला सूर्य दक्षिणेकडे कललेला, किरण तिरपे. पुस्तकातला रुग्ण समोर पाहून चालणारा असतो. आमचा रुग्ण पतंग उडवीत होता. हे मला त्या दिवशी सुचले नाही. गोळी बंद केली, सौम्य मलम दिले आणि त्याच्या कार्डावर लाल शाईने लिहिले, ‘डॉक्सिसायक्लिनची ॲलर्जी. पुन्हा कधीही देऊ नये.’ खाली दोन रेघा ओढल्या.

तीन-चार आठवड्यांनी तो परत आला तेव्हा हाताच्या बोटांची नखे गादीपासून सुटून पांढरी दिसत होती. उजव्या तर्जनीचे नख मात्र धड होते. मांज्याने ते बोट पहिल्याच दिवशी सकाळी कापले गेले होते आणि आईने टोकापर्यंत चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टीखाली ऊन पोचले नाही, नख वाचले. निसर्गाने इतका स्वच्छ प्रयोग करून माझ्या टेबलावर ठेवला होता. “चमत्कारिक आहे,” असे मी म्हटले आणि पुढचा रुग्ण बोलावला. कार्डावरची लाल ओळ तशीच राहिली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये एका अपरिचित क्रमांकावरून दूरध्वनी आला. उत्तरेकडील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील तरुण डॉक्टर बोलत होते. तो मुलगा, आता तिशीतला गृहस्थ, मित्रांबरोबर उत्तराखंडात पदभ्रमणाला गेला होता. परतल्यावर ताप चढला. पहिल्या ठिकाणी स्क्रब टायफसची शंका आली होती. परंतु त्याने विश्वासाने जपून ठेवलेले माझे कार्ड पुढे केले, म्हणून डॉक्सिसायक्लिन टाळले गेले. निराळ्या प्रतिजैविकांवर तीन दिवस गेले. आता कमरेवर काळी खपली सापडली होती, श्वास लागत होता, ॲझिथ्रोमायसिन सुरू झाले होते. त्याच वर्षी, म्हणजे २०२३ साली, भारतातील सात केंद्रांत सुमारे ८०० रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. तीव्र स्क्रब टायफसमध्ये डॉक्सिसायक्लिन आणि ॲझिथ्रोमायसिन शिरेवाटे एकत्र दिल्यास कोणत्याही एकट्या औषधापेक्षा गुंतागुंत कमी होते, असे त्यात दिसले होते. त्या डॉक्टरांना दोन्ही द्यायची होती. “सर, ॲलर्जी म्हणजे नेमके काय झाले होते? गांधी उठल्या होत्या? श्वास अडला होता? घसा सुजला होता?”

कार्ड त्यांच्या हातात होते, माझ्याजवळ जुनी वही सापडण्याचा संभव नव्हता. मला आठवली ती चिकटपट्टी. बारा वर्षांनी, दूरध्वनी कानाला लावलेला असताना, मला माझ्या रुग्णाचे निदान झाले. “ती ॲलर्जी नव्हती,” मी म्हणालो. “उन्हात भाजला होता तो. निःशंक द्या. फक्त खाट खिडकीजवळ असेल तर पडदा ओढून घ्या.” ते क्षणभर थांबले, आभार मानून त्यांनी फोन ठेवला. पुढच्या रुग्णाला आत बोलवायला मला पाच मिनिटे लागली.

तो बरा झाला. पण वाया गेलेले तीन दिवस माझ्या लाल शाईचे होते, आणि म्हणून हा लेख.

आता त्या गोळीने गच्चीवर नेमके काय केले ते पाहू. या विद्येचा आरंभ म्युनिकमध्ये झाला. हेर्मान फॉन टापायनर यांचा ऑस्कर राब नावाचा विद्यार्थी १८९७-९८ च्या हिवाळ्यात पॅरामेशियम या एकपेशीय जीवांवर ॲक्रिडीन रंगाचा परिणाम तपासत होता. एकाच प्रमाणात रंग घालूनही जीव कधी लवकर मरत, कधी बराच वेळ टिकत. रंग तोच, जीव तेच, फरक प्रयोगशाळेतल्या उजेडाचा, हे त्याच्या ध्यानात आले. त्याचा निबंध १९०० साली प्रसिद्ध झाला. पुढे टापायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की केवळ रंग आणि प्रकाश पुरत नाहीत, प्राणवायूही लागतो. अशा तिघांच्या संगनमताला त्यांनी प्रकाशगतिक क्रिया असे नाव दिले. फ्रीडरिश मायर-बेत्स या जर्मन डॉक्टरने तर १९१२ मध्ये स्वतःच्या शिरेत २०० मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरिन टोचून घेतले आणि उन्हात गेला. चेहरा व हात ओळखू न येण्याइतके सुजले, आणि सुमारे दोन महिने त्याला उजेड सोसेना. धाडस म्हणावे की वेडेपणा, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ॲलर्जी लागत नाही, पुरेसे द्रव्य आणि पुरेसा प्रकाश मिळाला की कोणीही भाजतो, ही गोष्ट त्याने स्वतःच्या कातडीवर सिद्ध केली.

क्रिया अशी घडते. द्रव्याचा रेणू आपल्या पसंतीच्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतो आणि उत्तेजित होतो. डॉक्सिसायक्लिनच्या बाबतीत ही पसंती साधारण ३५० नॅनोमीटरच्या आसपासची, म्हणजे अतिनील-अ किरणांची. हे किरण खिडकीच्या साध्या काचेतूनही बऱ्याच प्रमाणात आत येतात, पडद्याची सूचना त्यासाठी होती. उत्तेजित रेणूला ती ऊर्जा कोठेतरी उतरवावी लागते. एक वाट अशी की तो शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन हिसकावतो आणि मुक्त मूलके निर्माण करतो. दुसरी वाट अशी की तो ऊर्जा थेट प्राणवायूला देतो आणि नेहमीचा शांत प्राणवायू ‘सिंग्लेट ऑक्सिजन’ या आक्रमक रूपात येतो. या रूपाचे आयुष्य पेशीच्या आत फार तर काही मायक्रोसेकंद. एवढ्या अवधीत ते पेशीचा एक लहानसा अंशच ओलांडू शकते. म्हणून जिथे जन्मले तिथेच ते आघात करते. द्रव्य पेशीत कुठे जाऊन बसले आहे यावरून कोणाचा बळी जाणार ते ठरते.

आणि बळी पुष्कळदा पटलाचाच जातो. पेशीपटल म्हणजे मेदाचा दुपदरी पापुद्रा. मेदात सहज विरघळणारी द्रव्ये तिथे जाऊन साठतात. प्राणवायूदेखील पाण्यापेक्षा मेदात कितीतरी अधिक विरघळतो. आणि तिथल्या असंपृक्त मेदाम्लांचे दुहेरी बंध हे सिंग्लेट ऑक्सिजनचे आवडते भक्ष्य. जळण, हवा आणि ठिणगी एकाच खोलीत ठेवावी तसा हा प्रकार. मेदाचे पेरॉक्साइड तयार होतात, लोहाच्या सान्निध्यात त्यांतून नवी मूलके निघतात आणि साखळी पुढे सरकते. पेशीचे बाह्य पटल झिरपू लागते. आतला पोटॅशियम बाहेर, बाहेरचा कॅल्शियम आत. लयकारिकेचे पटल फाटले तर तिच्यातली पाचक विकरे पेशीतच सांडतात. तंतुकणिकेचे पटल बिघडले तर ऊर्जेचा पुरवठा तुटतो आणि पेशी स्वतःच्या मृत्यूची तजवीज सुरू करते. त्वचेतल्या मरत्या पेशी दाहकारक द्रव्ये सोडतात. रुग्ण ‘चुलीत तोंड घातल्यासारखं’ म्हणतो ते याला.

या संदर्भात तांबड्या रक्तपेशींवरचे जुने प्रयोग मला सर्वांत बोलके वाटतात. त्यांना ना केंद्रक, ना तंतुकणिका, म्हणजे जवळजवळ नुसती पटलाची पिशवी. अशा पेशींत प्रोटोपॉर्फिरिन मिसळून उजेड दाखवला तर प्रथम पोटॅशियम निसटतो. हिमोग्लोबिन आतच राहते, कारण पडलेली छिद्रे त्याच्या मानाने बारीक असतात. आता दिवा बंद करा. अंधारातही पाणी आत शिरत राहते, पेशी फुगते आणि काही वेळाने फुटते. प्रकाशाने फक्त छिद्र पाडले, पुढचे काम पाण्याने केले. “आम्ही तर उन्हातून केव्हाच खाली आलो होतो, आग रात्री का वाढली?” असे विचारणाऱ्या रुग्णाला मी हल्ली ही पिशवीची गोष्ट सांगतो. प्रोटोपॉर्फिरिन ज्यांच्या शरीरात जन्मतःच अधिक साठते त्यांची अवस्था तर याहून बिकट; त्यांना सुमारे ४०० नॅनोमीटरचा दृश्य प्रकाशच पुरतो. यकृतशस्त्रक्रियेत शस्त्रक्रियागृहातील दिव्यांनी अशा रुग्णांच्या आतल्या अवयवांना भाजल्याची नोंद आहे. आपल्या शल्यविशारद मित्रांनी हे ध्यानात ठेवावे.

सर्वच प्रकाशद्रव्ये पटलावर जात नाहीत. आपल्या जुन्या घरांतून परिचित असलेली बावची घ्या. तिच्या बियांतून सोरालेन हे द्रव्य भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९३३ साली वेगळे काढले. १९७४ मध्ये अमेरिकेत सोरालेनवर्गातील औषध आणि अतिनील-अ किरण यांची सोरायसिसवरील उपचारपद्धती प्रसिद्ध झाली, आणि त्या शोधनिबंधाच्या लेखकांत मधुकर पाठक हेही एक होते. सोरालेन मुख्यतः डीएनएच्या दोन धाग्यांमध्ये शिरते आणि किरण पडताच त्यांना एकमेकांशी जखडते. त्यामुळे त्याची लाली लगेच येत नाही, दोन-तीन दिवसांनी कळसाला पोहोचते. हा विलंबच घातक. मागे एप्रिलमध्ये एक प्रौढ भगिनी आल्या होत्या. पायावरच्या कोडाच्या डागाला कोणाच्या तरी सांगण्यावरून बावचीचे तेल लावीत होत्या. पहिल्या दिवशी गच्चीवर कुरडया घालताना काही झाले नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीही बसल्या, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी पायावर लिंबाएवढे फोड. तेलाच्या बाटलीवर उन्हाबद्दल काही लिहिले होते का, हे त्यांनी चष्मा लावून मला वाचून दाखवले. ‘त्वचा उजळण्यासाठी उत्तम,’ एवढेच होते.

हीच शक्ती हेतुपूर्वक वापरली की ती उपचार ठरते, हे वेगळे सांगायला नको. अमेरिकेतील टॉमस डॉहर्टी यांच्या कामातून उभी राहिलेली प्रकाशगतिक चिकित्सा १९९३ मध्ये कॅनडात मूत्राशयाच्या कर्करोगासाठी मान्य झाली. नेत्रतज्ज्ञ व्हर्टेपॉर्फिन वापरतात तेही याच तत्त्वावर. मला इथे एका छोट्या तपशिलाचे महत्त्व वाटते. व्हर्टेपॉर्फिन टोचल्यावर रुग्णाला पाच दिवस उन्हात न जाण्याची सूचना असते, आणि ती विसरू नये म्हणून मनगटाला पट्टी बांधावी, असे औषधाच्या माहितीपत्रकात सांगितलेले आहे. औषध महाग, म्हणून पट्टी. डॉक्सिसायक्लिनची गोळी स्वस्त, म्हणून तोंडी सूचनाही नाही. पटलाला किंमत कळत नाही.

आता माझे मत. आपण डॉक्टर मंडळी ‘ॲलर्जी’ हा शब्द फार स्वस्तात वापरतो. तो लिहिला की आपली जबाबदारी संपते आणि रुग्णाची आयुष्यभरासाठी सुरू होते. ॲलर्जी म्हणजे प्रतिकारशक्तीने धरलेला डूख; त्यात मात्रा गौण, पूर्वपरिचय आवश्यक, खाज प्रधान, आणि कधी ती उन्हात न आलेल्या भागांवरही पसरते. प्रकाशाच्या मदतीने उद्भवणारी खरी ॲलर्जीही असते; कीटोप्रोफेनचे गुडघ्याला चोळायचे जेल हे तिचे ठळक उदाहरण, आणि तिथे ते औषध पुन्हा न देणेच योग्य. परंतु डॉक्सिसायक्लिनने भाजणे ही प्रकाशविषबाधा आहे. मात्रा वाढवा, भाजणे वाढेल. ऊन टाळा, बहुधा काहीच होणार नाही. पहिल्याला बंदी हवी, दुसऱ्याला टोपी. दोघांना एकच शब्द लावणे म्हणजे निदान न करणे.

काही ज्येष्ठ मित्र म्हणतात की आपली त्वचा सावळी, आपल्याला हे गोऱ्या लोकांचे आजार कशाला? हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि त्वचेचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे २०१८ सालचे डॅनिश संशोधन गोऱ्या लोकांवरचे होते हे खरे, आणि त्यावरून आपल्या रुग्णांची रक्तदाबाची गोळी घाईने बंद करू नये हेही मला मान्य आहे. पण मेलॅनिन म्हणजे छत्री, भिंत नव्हे. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, काळपटपणा दिसतो, आणि तो दिसेपर्यंत आग होऊन गेलेली असते. आपल्याकडे भाजणे कमी असेल. पण नोंद त्याहून कमी आहे, कारण आपण लाली शोधत बसतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उन्हाची भीती घातली तर ज्याला गोळी खरोखरच हवी तो ती सोडेल. दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात भाताच्या आणि उसाच्या शेतात राबणाऱ्या मजुरांना लेप्टोस्पायरोसिस टळावा म्हणून डॉक्सिसायक्लिन दिले जाते. तिथे मी एक गोळीही कमी करा म्हणणार नाही. डोक्याला पंचा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा, इतकेच सांगेन. मुरुमांची गोष्ट निराळी. मुरूम चार-सहा दिवस थांबू शकतात. या औषधाचे अर्धायुष्य सुमारे १८ ते २२ तासांचे, म्हणून आदल्या रात्री गोळी चुकवून भागत नाही. गेल्या काही वर्षांपासून मी माझ्या तरुण रुग्णांना ९ जानेवारीला गोळी थांबवायला आणि वासी उत्तरायण आटोपल्यावर पुन्हा सुरू करायला सांगतो. कोणी तक्रार केलेली नाही. उलट, उन्हाच्या मलमावरचा आकडा मुख्यतः अतिनील-ब पासूनचे संरक्षण सांगतो, ‘अ’ साठी वेटोळ्यातले निराळे चिन्ह पाहावे लागते, हे ऐकून एका मुलीने मला विचारले, “मग हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?”

गेल्या जानेवारीत तो गृहस्थ सपत्नीक तिळगूळ द्यायला आला. कार्ड बरोबर होते, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेले. लाल शाई थोडी विटली होती. मी ती ओळ खोडली आणि शेजारी निळ्या शाईने लिहिले, ‘२०११: डॉक्सिसायक्लिन चालू असताना दोन दिवस उन्हात, प्रकाशविषबाधा. ॲलर्जी नाही. गरज पडल्यास द्यावे, ऊन टाळावे.’ खाली सही केली आणि तारीख घातली. त्याने ते वाचले, पाकिटात परत सरकवले आणि विचारले, “मग काका, आज गच्चीवर चालेल ना?”